अर्धी गोळी कुणाच्या हिशोबात?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

(मराठवाड्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ताईंनी 31 वर्षं समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षं मानसोपचार विभागात गेली. या वेळची पत्रं एकाच विषयाची असल्याने एकत्र घेतली आहेत.)

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा 26 वर्षांचा आहे. चार वर्षांपासून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ट्रीटमेंट चालू आहे. डॉक्टर चांगले आहेत. पोरगं आता शेतात येतं, बैलांना पाणी पाजतं. पण गोळ्यांची दर महिन्याला बोंब. तीन लिहिल्या तर खिडकीवर एक मिळते, दोन 'बाहेरून घ्या'. मागच्या खेपेला महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या दिल्या. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. सरकार या दवाखान्यांना पैसे देत नाही का? की देतं आणि मधेच कुठं जिरतात?
— एक बाप, ता. गेवराई, जि. बीड

भाऊ, 'बैलांना पाणी पाजतं' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. हा आजार ज्याच्या घरात शिरला त्यालाच त्या बादलीची किंमत कळते. गोळी चुकू नये म्हणून तुमची जी ओढाताण चालली आहे ती रास्त आहे, आणि तुम्ही मागताय ते उपकार नाहीत, हे आधी सांगते.

सरकार पैसे देतं. मेडिकल कॉलेजांचा पैसा वैद्यकीय शिक्षण विभागाकडून येतो. अंदाजपत्रकात 2210 हे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याच्या चालू खर्चाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबातलं खातं, त्याच्या पोटात वैद्यकीय शिक्षणाचा कप्पा, आणि त्या कप्प्यात वेतन, कार्यालयीन खर्च, सामग्री व पुरवठा अशी वाटणी. सगळ्यात मोठा वाटा पगाराचा. तुमच्या मुलाची गोळी 'सामग्री व पुरवठा' या ओळीत बसते. त्याच ओळीत सलाइन बसतं, हातमोजे, टाक्यांचा दोरा, सापाच्या विषावरचं इंजेक्शन, सगळं बसतं. मी जिथं जिथं काम केलं तिथं मानसोपचार विभागाच्या औषधांसाठी वेगळा पैसा कधी पाहिला नाही. मग पैसा कमी पडला की आधी अपघात विभाग, मग ऑपरेशन थिएटर, मग बाळंतपण. रक्त वाहणारा माणूस समोर दिसतो. गोळी न मिळालेला माणूस त्या दिवशी आपल्या पायांनी चालत एसटी स्टँडवर जातो. तो सहा आठवड्यांनी गावात, मध्यरात्री उठून बिघडतो, आणि तेव्हा त्या औषधाच्या खिडकीची कुणाला आठवण होत नाही.

मधेच जिरतात का, असं तुम्ही विचारलंत. मी पाहिलं ते एवढंच की पैसा उशिरापायी जिरतो. हप्त्याहप्त्याने येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम 'बीडीएसवर' (सरकारी निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) 'निधी आला' म्हणून ऑफिसात धावपळ सुरू होते. मोठी खरेदी आधी हाफकिन या सरकारी कंपनीमार्फत व्हायची, 2023 च्या कायद्यानंतर महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. स्थानिक खरेदीला मर्यादा, दरपत्रकं मागवा, तुलनात्मक तक्ता करा, सह्या घ्या. तोवर 31 मार्च उजाडतो आणि न खर्चलेला पैसा परत जातो. एप्रिलमध्ये खिडकी तीच आणि चिठ्ठीही तीच.

आणखी एक गोष्ट आतल्या माणसालाच कळते. पुढच्या वर्षीची मागणी बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या खपावरून काढतात. समजा रिस्पेरिडोन हे मनाच्या आजारावरचं औषध चार महिने आलंच नाही. रजिस्टरला खप दिसणार आठ महिन्यांचा, आणि मागणीपत्र जाणार त्या आठ महिन्यांवर. म्हणजे जी गोळी मिळाली नाही तिची गरजच नव्हती, असं कागद बोलतो. 'बाहेरून घ्या' हे साध्या चिटोऱ्यावर लिहून देतात, केसपेपरवर लिहीत नाहीत. म्हणून त्याची नोंद कुठंच राहत नाही.

केज तालुक्यातल्या एक आई होत्या. मुलीची 2 मिलिग्रॅमची गोळी संपलेली, खिडकीवर 4 ची शिल्लक. 'अर्धी करून द्या' असं सांगून त्यांना पाठवलं. पुढच्या खेपेला मी सहज विचारलं, अर्धी कशी करता? त्यांनी कनवटीतून अडकित्ता काढला. सुपारीचाच. पात्यावर गोळी ठेवून दाबली. एक तुकडा मोठा निघाला, एक बारका, आणि भुगा लुगड्यावर सांडला. तो त्यांनी बोटाने टिपून पदराच्या टोकात बांधला. म्हणाल्या, "मोठा तुकडा बिघडल्या दिवशी देते ताई, बारका चांगल्या दिवशी." त्यांच्या केसपेपरवर मात्र 'औषध दिले' असा शिक्का होता.

त्या दिवशी मी शंभर पानी वही घातली. तारीख, औषध, किती दिवसांचं लिहिलं, किती दिवसांचं मिळालं, एवढंच. औषध भांडारातले गृहस्थ आधी रागावले. दोन महिन्यांनी तेच वही मागायला आले, कारण वरती दाखवायला त्यांच्या हातातही काही नव्हतं. त्या वर्षी लिथियम या मनाच्या आजारावरच्या औषधाची मागणी पहिल्यांदा पूर्ण बारा महिन्यांची गेली.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा, लागू झाला 29 मे 2018 ला. त्याच्या कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अत्यावश्यक औषधांच्या यादीतली सगळी औषधं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सरकारी रुग्णालयांत सर्व काळ मोफत मिळाली पाहिजेत, आणि तीही ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे. रिस्पेरिडोन, क्लोझापिन, हॅलोपेरिडॉल, लिथियम, सोडियम व्हॅल्प्रोएट, फ्लुओक्सेटिन ही राष्ट्रीय यादीतलीच औषधं आहेत. तेव्हा पुढच्या खेपेला चिटोरा घेऊ नका. 'केसपेपरवरच लिहा, उपलब्ध नाही, तारीख टाका' असं नम्रपणे सांगा. त्याची झेरॉक्स जोडून अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे चार ओळींचा अर्ज आवक शाखेत द्या आणि पोच घ्या. एकट्याने नको. ओपीडीच्या बाकावर तुमच्यासारखे दहा जण बसलेले असतात, त्यांनाही सोबत घ्या. अर्जात गेवराईच्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात महिन्याची औषधं मिळण्याची सोय मागा. डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी जायचं आणि गोळ्या जवळच घ्यायच्या, असं जमलं तर मजुरी वाचेल.

आणि एक. मधे गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून शेजाऱ्याच्या किंवा दुसऱ्या रुग्णाच्या गोळ्या देऊ नका. नाव सारखं वाटलं तरी देऊ नका.

ताई, नमस्कार. जालन्याला 365 खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालेलं आहे. आमच्या भागातले लोक म्हणतात की आता मेडिकल कॉलेजमधल्या मानसिक वॉर्डाला वेगळे पैसे कशाला? सगळे पेशंट तिकडेच पाठवता येतील. ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे, काय मागावं ते सांगा.
— एक सरपंच, ता. मंठा, जि. जालना

सरपंच साहेब, ठराव मांडताय हे वाचून फार बरं वाटलं. ग्रामसभेत रस्ता, पाणी, गायरान यांवर ठराव होतात. मनाच्या दवाखान्यावर होणारा ठराव मी तरी पहिल्यांदा ऐकतेय.

जालन्याचं रुग्णालय व्हायलाच हवं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा 2540 खाटा, ठाणे 1850, नागपूर 940, रत्नागिरी 365. मराठवाड्यात एकही नाही. याचा अर्थ काय होतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

1996 च्या आसपासची गोष्ट. तेव्हा 1987 चा जुना कायदा होता, कोर्टाकडून रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे मनोरुग्णालयात दाखल करण्याचा आदेश, घ्यावी लागायची. कंधार तालुक्यातली एक बाई, तिशीतली. ऑर्डर निघाली, येरवड्याला पोचवायचं. एक हवालदार, एक महिला पोलीस आणि मी. रात्रीची एसटी. बाईने फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधून घेतली होती. मध्यरात्री गाडी कुठंतरी थांबली, तेव्हा तिने त्यातली अर्धी भाकरी हवालदाराला दिली. "खा दादा, तुमी बी जेवला नसताल." सकाळी दाराशी सह्या झाल्या, अंगठे झाले. आत जाताना वळून म्हणाली, "ताई, मला न्यायला कव्हा येनार?" मी म्हणाले, दोन महिन्यांनी.

ती बरी झाली. तीन महिन्यांनी तिकडून पत्र आलं, रुग्णाची प्रकृती सुधारली आहे, नातेवाइकांनी घेऊन जावे. मी रविवारी तिच्या गावी गेले. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. भाऊ म्हणाला, पुण्याला जायला-यायला पैसे नाहीत, आणि आणून ठेवू कुठं? पत्र गेलं, आलं, पुन्हा गेलं. ती तिथंच राहिली. मी तिला दोन महिने म्हणाले होते, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

आता आमच्या कॉलेजच्या वॉर्डाचं बघा. वॉर्ड लहान, पण पेशंटजवळ घरचं माणूस राहायचं. रात्री खाटेखाली चटई टाकून झोपायचं. गोळी कधी द्यायची, झोप किती लागली, हात कापतात का, हे ते माणूस आठ दिवसांत शिकायचं. घर तुटायचं नाही. शिवाय मनाचा पेशंट नुसत्या मनाचा नसतो. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी लागते, थायरॉइड आणि किडनी बघावी लागते. बाई गरोदर असेल तर त्याच आवारात बाळंतपणाचा विभाग लागतो. कुणी कीटकनाशक प्यायलेला असतो, तो आधी मेडिसिनच्या वॉर्डात येतो आणि जीव वाचल्यावर मानसोपचाराचा डॉक्टर त्याच्या खाटेशी जातो. हे सगळं एका छपराखाली फक्त शिकवणाऱ्या रुग्णालयात होतं. कुणाला दीर्घकाळ ठेवावं लागतं, कुणाला घरच नाही, त्यांना जालना. पण बाकीच्यांना जालना कशाला?

खरा मुद्दा पुढे आहे. जालन्याच्या 365 खाटांना डॉक्टर कुठून येणार? मानसोपचारात एमडी करणारी मुलं याच मेडिकल कॉलेजांच्या वॉर्डांत तयार होतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मनोविकार परिचारिका, यांचे हातही पेशंटजवळच बसून तयार होतात. वॉर्ड सुकला तर आडातच नाही, मग पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून मी म्हणते, शिकवणाऱ्या वॉर्डाला दिलेला रुपया दोनदा कामाला येतो. आज पेशंटला, आणि चार वर्षांनी तुमच्या तालुक्याला.

पैसे अजिबात आले नाहीत असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा. कर्नाटकातल्या बल्लारीच्या प्रयोगावरून 1996 ला जिल्हा कार्यक्रम आला. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर देशाला जाग आली म्हणायची. दहाव्या पंचवार्षिक योजनेत मेडिकल कॉलेजांचे मानसोपचार विभाग सुधारायला प्रत्येकी 50 लाखांपर्यंत अनुदान ठरलं. अकराव्या योजनेत उत्कृष्टता केंद्रांना 30 कोटींपर्यंत. आपल्या राज्यातून पुण्याचं महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ त्यात गेलं. देशभरात अशी 25 केंद्रं झाली आणि 47 पदव्युत्तर विभागांना मदत मिळाली. पण या पैशाची अट अशी की ठराविक काळ केंद्र देणार, नंतर राज्याने पगारासकट भार उचलायचा. एकदाच्या पैशातून खोली रंगते, टेबल-खुर्ची येते, शॉक ट्रीटमेंटचं मशीन येतं. मशीन चालवताना भूलतज्ज्ञ लागतो, कारण भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला 2017 च्या कायद्याने बंदी आहे. आणि ती बंदी योग्यच आहे. पण भूलतज्ज्ञ हे रोजचं माणूस, त्याचा पगार दर महिन्याचा.

इमारतीचा पैसा 4210 या वेगळ्या लेखाशीर्षातून येतो. माणसांचा तसा येत नाही. त्यासाठी आकृतिबंध, म्हणजे कुठली पदं किती हा आराखडा, मंजूर व्हावा लागतो, पदनिर्मितीला वित्त विभागाची मान्यता लागते, मग जाहिरात, मग भरती. इमारत दोन वर्षांत उभी राहते आणि पद कागदावरच म्हातारं होतं. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी लगेच कुणी आलं नाही. खुर्चीवर माझी उशी तशीच होती, सहा महिन्यांनी सहज गेले तेव्हाही.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी 1956 पासूनची. अंबाजोगाई, नांदेड, लातूर जुनी. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली 2022 ते 2024 या काळातली. म्हणजे आठ ठिकाणी मानसोपचार विभाग असायलाच हवा, आणि तो नुसता पाटीपुरता नको. तुमच्या ठरावात 'मानसोपचारासाठी भरीव निधी द्यावा' असं मोघम लिहू नका. त्याला उत्तरही मोघम येतं. लिहा: आमच्या जिल्ह्याच्या कॉलेजात मानसोपचार विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, गेल्या बारा महिन्यांत अत्यावश्यक यादीतली मनाची औषधं किती दिवस शिल्लक नव्हती, आणि रिकामी पदं कोणत्या तारखेपर्यंत भरणार. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण जिल्हा नियोजन समितीतूनही रुग्णालयाला पैसा देता येतो. हीच माहिती माहितीच्या अधिकारातही मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 31 मध्ये सरकारने स्वतःवर मुदत घालून घेतली आहे: लोकसंख्येच्या मानाने मानसिक आरोग्याचं मनुष्यबळ दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत न्यायचा प्रयत्न करायचा. ती दहा वर्षं मे 2028 ला भरतात. ठरावात ही तारीख जरूर टाका.

ताई, आमचा जिल्हा रुग्णालय आता मेडिकल कॉलेजला जोडला गेला. आधी केसपेपर फुकट होता, आता पैसे घेतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मानसिक रुग्ण आहे, त्यांच्याकडे रेशनकार्डही धड नाही. हा नियम खरा आहे का?
— एक शिक्षिका

बाई, यात दोन खाती आहेत. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. 15 ऑगस्ट 2023 पासून जी मोफत सेवा सुरू झाली ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. रुग्णालय कॉलेजकडे गेलं की खातं बदलतं आणि दरपत्रकही बदलतं. इमारत तीच, खिडकी तीच, म्हणून लोक गोंधळतात.

पण त्या आईच्या बाबतीत हा वाद लागूच होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला, तिच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी ठिकाणी मानसोपचार पूर्ण मोफत आहे. 'कार्ड असो वा नसो' हे शब्द कायद्यात आहेत, ते वाचून दाखवा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. पैसे माफ करण्याची शिफारस करणं त्यांचं कामच आहे. आणि एक विचारून ठेवा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आता कुठं बसतं? ते आरोग्य विभागाचं, त्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, केंद्र 60 आणि राज्य 40. रुग्णालय दुसऱ्या खात्याकडे गेल्यावर या पथकाला खोली मिळाली की नाही, हे बघणारं कुणी हवं.

ताई, मी नांदेड जिल्ह्यातला, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला सायकियाट्री घ्यायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, 'वेड्यांचा डॉक्टर' होऊन काय मिळणार? सीनियर म्हणतात सीटच कमी आहेत. काय करू?
— एक विद्यार्थी

बाळा, घे.

घरच्यांना सांग की 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, आजारागणिक पाहिलं तर, शंभरातल्या 70 ते 92 जणांना उपचारच मिळत नाहीत असं दिसलं होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेलं सर्वेक्षण होतं ते. तुझ्या गावातही अशी घरं असतील, आजीला विचार. तिला माहीत असतात.

सीटचं तुझे सीनियर खरं सांगतात. एमडीच्या जागा मार्गदर्शक अध्यापक आणि खाटा यांच्या हिशोबात मिळतात. प्राध्यापकाचं पद रिकामं राहिलं की ती नुसती एक खुर्ची रिकामी राहत नाही, तिच्यासोबत विद्यार्थ्यांच्या जागाही जातात. त्यातला एक विद्यार्थी तीन वर्षांनी किनवटला किंवा हदगावला गेला असता. आणि एमबीबीएसला मानसोपचाराचा वेगळा पेपर नसतो, मेडिसिनच्या पेपरात थोडे गुण, त्यामुळे मुलं तो विषय उरकतात. तू उरकू नकोस. इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे मिळतात. तेव्हा सकाळच्या राउंडनंतर घरी पळू नकोस, दुपारी अडीचला वॉर्डात जाऊन बस. त्या वेळी नातेवाईक मोकळे असतात आणि बोलतात.

माझ्या वेळी एक निवासी डॉक्टर होता, तुझ्याच वयाचा. एक म्हातारे बाबा सतरा दिवस कुणाशी बोलले नव्हते. हा पोरगा रोज दुपारी त्यांच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसायचा. विचारायचा काही नाही. अठराव्या दिवशी बाबा म्हणाले, "तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय." केसपेपरवर त्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, तारखेसकट. तो आता याच भागात प्रॅक्टिस करतो.

एमडीला आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. ते शिक्षा समजू नकोस.

ताई, माझ्या मालकांनी मागच्या महिन्यात फवारणीचं औषध घेतलं होतं. वाचले. दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले मनाच्या डॉक्टरांना दाखवा. पण सासरे म्हणतात, परत नेलं तर पोलीस केस होईल. ते रात्रभर जागेच असतात.
— एक बहीण, ता. औसा, जि. लातूर

ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी टपालाने उत्तर पाठवलं आहे. इथं छापतेय ते अशाच दुसऱ्या घरांसाठी.

केसची भीती सासऱ्यांच्या मनातून काढा. 2017 च्या कायद्याचं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्यासाठी त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. विषबाधेची नोंद दवाखान्यात पोलिसांकडे होते, ती पद्धत आहे. तिला घाबरून उपचार सोडू नका. त्याच कलमात पुढे असंही आहे की अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. म्हणजे तुम्ही त्यांना घेऊन जाल तेव्हा दवाखान्याने 'उद्या या' म्हणायचं नाही.

लातूरला मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत न्या. डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. रात्री फार अस्वस्थ झाले तर 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ते नाही म्हणाले तरी तुम्ही स्वतःसाठी लावा, काय करायचं ते सांगतात. धोका वाटला तर 108 ला (अँब्युलन्ससाठी) फोन करून थेट अपघात विभागात न्या. फवारणीचं औषध घरात, गोठ्यात, माळ्यावर कुठंही ठेवू नका. उरलेला डबा भावकीत कुणाकडे तरी कुलपात ठेवायला द्या. रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी झोपा, सासऱ्यांनाच सांगा. आजच घेऊन जा. ओपीडी सकाळची असते, पहिल्या एसटीने निघा.